नदीचं पाणी कोण बदलतं?

काल सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या बादल्यांचा फोटो पडला, खाली "पाणीटंचाईत हे योग्य आहे का?" आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. नाव नव्हतं, पण अख्ख्या मजल्यावर तडा गेलेली लाल बादली एकच आहे.

आता आमच्याकडे पाणी येतं सकाळी दोन तास, त्यामुळे फिशटँकचं आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं तर आदल्या दिवशी भरून पॅसेजमध्ये ठेवावंच लागतं. फोटो काढणारे समोरचे काका अजून तिथेच उभे.

"अहो, नदीचं पाणी कोण बदलतं?"

"काका, नदी वाहते. हे काचेच्या डब्यात जेवतात आणि त्यातच..."

"संडास?" काका बादलीपासून दोन पावलं मागे.

"बादलीतलं ताजं आहे हो."

"मग ताज्यात ते औषध कशाला टाकताय?"

ते अँटीक्लोरीन. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले भाजून काढतं, शिवाय माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले बॅक्टेरिया मारतं, हे सगळं मी सांगितलं.

"क्लोरीन आपण पितोच की."

"आपल्याला कल्ले नाहीत काका."

देवाशपथ, काकांनी कानामागे हात लावून खात्री केली. मग म्हणाले, तुरटी फिरवा. मी म्हटलं तुरटीने गाळ बसतो, क्लोरीन नाही जात. मग आमच्या आरओचं न्या. म्हटलं त्यात क्षार जवळजवळ राहतच नाहीत, नुसत्या त्याच्यावर मासे जगत नाहीत.

"म्हणजे नळाचं चालत नाही, आरओचं चालत नाही, यांना काय गोमुखातून आणायचं?"

यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं.

तरी काका बरे, निदान प्रश्न विचारतात. आमचा फिशटँकच्या माशांचा दुकानदार काहीच विचारत नाही, मासा उलटा पोहू दे, बुडाशी बसू दे नाहीतर नुसता उदास दिसू दे, खडेमीठ आणि मिथिलीन ब्लू या निळ्या औषधाची बाटली हातात. ते निळं मेन टँकमध्ये ओतलं की फिल्टरचे बॅक्टेरिया जायला लागतात आणि काचेच्या कडेचं सिलिकॉन निळं होतं ते कायमचं.

आणि टंचाईचंच म्हणाल तर टँकमधून काढलेलं पाणी जातं जिन्यातल्या कुंड्यांना, ज्या मनी प्लांटचे फोटो हेच लोक ग्रुपवर टाकतात. टँकर आला की सोसायटीच्या टाकीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे क्लोरीनच, पडते, किती ते टाकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, त्याची सूचना कधी नाही, मी सकाळी नळाला नाक लावून ठरवायचं आज पाणी बदलायचं की नाही. खाली रविवारी पाईप चालू सोडून फोनवर बोलत गाड्या धुणं चालतं त्याचाही फोटो कोणी काढत नाही, आणि टँकरचं बिल मात्र सगळ्या फ्लॅटना सारखं.