ऑर्लोक दिवसा फिरत नाही : 'नॉस्फेरातू'वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या आवडत्या व्हॅम्पायरपटांच्या यादीवर तुम्ही एवढं मन लावून लिहिलंत, तर उत्तरही तसंच द्यायला हवं. तुमचे आक्षेप असे : मुर्नाऊ या दिग्दर्शकाच्या 'नॉस्फेरातू' या मूकपटाला (१९२२) पहिला क्रमांक देणं चूक, कारण त्यातला व्हॅम्पायर काउंट ऑर्लोक भरदुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून फिरतो आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो, माणसं चावीच्या बाहुल्यांसारखी धावतात, कोपोलाचा 'ड्रॅक्युला' (१९९२) सर्वच बाबतींत सरस आहे, स्वीडिश 'लेट द राइट वन इन'मधली (२००८) मुलं फार कोरडं बोलतात, आणि बेला लुगोसी या नटाचा 'ड्रॅक्युला' (१९३१) दुसऱ्या क्रमांकावर शोभत नाही.

ऊन आणि धावपळ या दोन गोष्टी तुम्हाला जशा दिसल्या तशाच तुम्ही लिहिल्या आहेत. पण तो दोष मुर्नाऊच्या चित्रपटाचा नाही, तुमच्या हाती आलेल्या प्रतीचा आहे.

आधी ऊन. त्या काळची फिल्म कमी उजेडात चित्र टिपण्यात इतकी मंद होती की रस्त्यावर रात्री चित्रण करणं जवळपास अशक्य. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा टिपायचे आणि प्रदर्शनाच्या प्रतीतला तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून काढायचा. निळं दिसलं की रात्र, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावं लागत नसे. दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, पहाट गुलाबी. हा रंग प्रतीवर चढवलेला असतो, निगेटिव्हमध्ये नसतो. त्यामुळे रंगीत प्रतीवरून साध्या कृष्णधवल फिल्मवर नक्कल काढली की रात्र पुसली जाते आणि उरतं लख्ख ऊन. या चित्रपटाच्या अशा नकला फार झाल्या. हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता केलेला, म्हणून स्टोकरच्या पत्नीने खटला भरून जिंकला, १९२५ मध्ये प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला, आणि पुढे जे वाचलं ते नकलेची नक्कल होत पसरलं.

निळा रंग गेला की गोष्टच मोडते. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो, फक्त त्याची शक्ती घटते. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हा नियम पडद्यावर आणला तो याच चित्रपटाने. नायिका एलेन ऑर्लोकला कोंबडा आरवेपर्यंत रोखून धरते, त्या शेवटाचा सगळा ताण रात्र आणि पहाट वेगळी दिसण्यावर उभा आहे. गंमत अशी की कोपोलाचा नायक लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. कादंबरीला धरून ते योग्यच आहे, पण उन्हाचा आक्षेप घ्यायचाच तर तो तिथे आधी सुचायला हवा होता.

आता धावपळ. तुमची प्रत सत्तर मिनिटांची आहे असं तुम्हीच लिहिलंय. पुनरुज्जीवित प्रत सेकंदाला १८ चौकटी (फ्रेम्स) या वेगाने सुमारे ९४ मिनिटं चालते. तीच बोलपटांच्या २४ चौकटींच्या वेगाने पळवली तर ९४ गुणिले १८ भागिले २४, म्हणजे साधारण साडेसत्तर. मूकपटांवर हा अन्याय सर्रास होतो. फाळक्यांची जी रिळं पी. के. नायर यांनी मिळवून पुण्यात आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपली, त्या काळचे चित्रपटही २४ च्या वेगाने लावले की असेच पळताना दिसतात, आणि आपण 'जुने नट असेच' म्हणून मोकळे होतो.

तेव्हा पुन्हा पाहताना आधी लांबी बघा. नव्वदीच्या पुढे असेल तर वेगाला हात लावू नका. सत्तरच्या आसपास असेल तर यूट्यूबवर प्लेबॅक स्पीड ०.७५ करा आणि आवाज बंद ठेवा, कारण नंतर चिकटवलेलं संगीत त्या वेगात रेंगाळतं. दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवर ऑर्लोकऐवजी 'ड्रॅक्युला' हे नाव दिसलं तर ती इंग्रजीसाठी बदललेली प्रत, ती सोडून द्या. टीव्हीचा रंग निळा करून भागणार नाही. खोल्या आणि पहाटही निळी होईल. मुर्नाऊ फाउंडेशनची २००५-०६ ची प्रत शोधा. ती १९२२ च्या रंगवलेल्या फ्रेंच प्रतीच्या आधाराने तयार केली आहे आणि तिला मूळ संगीतकार हान्स एर्डमानच्या संगीताची जोड आहे. एक लक्षात ठेवा : किल्ल्याकडे नेणारी बग्गी आणि गाडीवर शवपेट्या रचणारा ऑर्लोक योग्य वेगातही झपाट्याने हलतात. ते मुद्दाम केलेलं आहे. बाकी सगळं संथ असतं, म्हणूनच तिथे अंगावर काटा येतो.

कोपोलाबद्दल फार वाद नाही. संगणक टाळून कॅमेऱ्यातच केलेल्या करामती आणि एइको इशिओकाचे पोशाख यांसाठी तो माझ्या यादीत आहेच. पण प्रेमकथेने त्यातली भीती पातळ केली, हे माझं मत कायम आहे.

स्वीडिश चित्रपटाचीही प्रतच तपासा. २००९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या पहिल्या डीव्हीडीवर सबटायटल्स छाटून सोपी केली होती. ओरड झाल्यावर पुढच्या प्रतींत थिएटरमधली सबटायटल्स परत आली आणि वेष्टनावर तसा उल्लेखही केला गेला. एली या व्हॅम्पायर मुलाच्या बोलण्यातली सावध माया त्या छाटणीतच गेली होती.

एका बाबतीत तुमचं पूर्ण मान्य. लुगोसीचा 'ड्रॅक्युला' (१९३१) दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला नको होता. त्याच सेटवर रात्रपाळीत चित्रित झालेली स्पॅनिश आवृत्ती जवळपास अर्धा तास मोठी आहे, आणि तिचा कॅमेरा कितीतरी मोकळा फिरतो. लुगोसीची नजर मात्र तिच्यात नाही. लुगोसी चौथ्यावर नेतोय, स्पॅनिश आवृत्ती पाचव्यावर घेतोय. लाहोरचा 'जिंदा लाश' (१९६७) राहून गेला होता, तोही आज जोडतो.