चुंबकीय स्पंदाने नेमके काय कळते? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

डोक्याबाहेर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून (कॉइलमधून) मेंदूला चुंबकीय स्पंद देऊन अनैच्छिक हालचालींच्या विकारांचा अभ्यास कसा करतात, यावरील माझ्या लेखावर आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: डिस्टोनिया (स्नायू आपोआप आखडून अवयव वाकडा होण्याचा विकार) किंवा पार्किन्सन यांसारख्या विकारांचे मूळ मेंदूत खोलवर, बेसल गँग्लिया या हालचालींचे नियमन करणाऱ्या पेशीसमूहांमध्ये असते आणि कॉइलचा प्रभाव तर कवटीखाली जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर पोहोचतो. शिवाय या पद्धतीला एका विकारात जो बिघाड सापडतो तोच दुसऱ्यातही सापडतो. त्यामुळे तिच्यातून रोगाविषयी काही कळते हे म्हणणे फोल असून रुग्णांना खोट्या आशेला लावणारे आहे. शेवटी आपण असेही विचारले आहे की, मान वाकडी होण्याचा त्रास असलेल्या आपल्या नातेवाइकांनी निदानासाठी ही तपासणी करून घ्यावी काय.

खोलीचा मुद्दा खरा आहे, परंतु त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बेसल गँग्लियामधून निघणारे संदेश थॅलॅमस या मेंदूतील संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रामार्गे मेंदूच्या बाह्यस्तरातील हालचालींच्या केंद्राकडे येतात. शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की या केंद्रावर डोक्याबाहेरून, वेदना न देता, चुंबकीय स्पंद देता येतो आणि त्याने हाताचा स्नायू आकुंचन पावतो. त्या आकुंचनाची विद्युत नोंद लहान आली की मोठी, यावरून ते केंद्र त्या क्षणी किती उत्तेजनक्षम होते हे मोजता येते. ही उत्तेजनक्षमता आतल्या भागांच्या स्थितीनुसार बदलत असते. म्हणजे खोल भागाला स्पर्श न करताही त्याचा परिणाम वाचता येतो. पार्किन्सनमधील कंपाचेच पाहा. हालचालींच्या केंद्रावर स्पंद दिला की विश्रांतीच्या वेळचा कंप आणि हात उचलून धरल्यावर येणारा कंप या दोन्हींचा ताल नव्याने सुरू होतो. लहान मेंदूवर स्पंद दिला तर मात्र फक्त दुसऱ्या कंपाचा ताल बदलतो, पहिल्याचा नाही. एकाच रुग्णाच्या एकाच हातातील या दोन कंपांचे मार्ग अगदी एकच नाहीत, हे बाहेरून नुसते पाहून कळण्यासारखे नव्हते.

आपला दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. १९९३ मध्ये कुजिराई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडस्पंदांची पद्धत मांडली. आधी एक सौम्य स्पंद, ज्याने स्नायू हलतही नाही, आणि १ ते ६ मिलिसेकंदांनी दुसरा जोरदार स्पंद दिला, तर निरोगी व्यक्तीत दुसऱ्याचा प्रतिसाद बराच लहान येतो. याचे कारण असे की पहिल्या स्पंदाने बाह्यस्तरातील गाबा या रसायनावर चालणारे अवरोधक चेतापेशींचे जाळे जागे होते. लिहितानाच हात आखडणाऱ्या रुग्णांत हा अवरोध कमी असल्याचे १९९५ मध्ये दिसले, आणि तोही त्रास एकाच हाताला असताना मेंदूच्या दोन्ही बाजूंना. तोच बिघाड टुरेट (अनैच्छिक झटके आणि आवाज येण्याचा विकार) आणि पार्किन्सनमध्येही आढळला. इतकेच नव्हे, ज्यांचा डिस्टोनिया मेंदूतील रचनेच्या दोषामुळे नसून कार्यात्मक स्वरूपाचा असल्याचे निदान झाले होते, अशा रुग्णांतही तो आढळला. आपण याच निष्कर्षांकडे बोट दाखवून पद्धत निरुपयोगी ठरवता.

मला ते नेमके उलट वाटते. कमी झालेला अवरोध हेच डिस्टोनियाचे कारण असावे, असा समज काही काळ होता. त्याला छेद मिळाला तो याच पद्धतीने. डीवायटी-१ या जनुकातील दोष असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनाच प्रत्यक्ष डिस्टोनिया होतो. ज्यांना कधीही लक्षणे आली नाहीत अशा वाहकांतही अवरोध कमीच आढळला. तेव्हा अवरोध कमी असणे ही फार तर पूर्वपीठिका असू शकते आणि आजार प्रकट होण्यास आणखी काहीतरी लागते. ते ‘आणखी काहीतरी’ शोधताना चेतापेशींमधील जोडण्यांची लवचीकता, म्हणजे वापरानुसार बळकट किंवा दुबळ्या होण्याची त्यांची क्षमता, तपासली गेली. हाताच्या नसेला विद्युत धक्का आणि त्यानंतर सुमारे २५ मिलिसेकंदांनी मेंदूवर चुंबकीय स्पंद, अशी जोडी वारंवार दिली की मेंदूचा प्रतिसाद काही काळ वाढलेला राहतो. हा वाढावा डिस्टोनियाच्या रुग्णांत प्रमाणाबाहेर दिसला, तर कार्यात्मक डिस्टोनियात तो निरोगी व्यक्तींसारखाच होता. वेगळ्या प्रकारच्या स्पंदमालिका वापरून तपासले, तेव्हा लक्षणे असलेले आणि नसलेले वाहकही लवचीकतेच्याच बाबतीत वेगळे निघाले. दोन स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचणे याला मी पुरावा मानतो. अंतिम नव्हे, पण पुढचा प्रश्न नीट विचारता यावा इतका पुरावा नक्कीच.

या पद्धतीवर खरी टीका करायची, तर ती मोजमापाच्या अस्थिरतेवर व्हायला हवी, आणि आपण तिचा उल्लेख केला नाही याचे मला आश्चर्य वाटले. २०१३ मध्ये हमादा आणि सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक निरोगी व्यक्तींवर स्पंदमालिकांचा प्रयोग केला, तेव्हा गटाच्या सरासरीत अपेक्षित परिणाम उरलाच नाही. काहींचा प्रतिसाद वाढला, काहींचा घटला. अशा स्थितीत रुग्णांच्या छोट्या गटांत दिसलेला ‘प्रमाणाबाहेरचा’ वाढावा किती विश्वासार्ह मानायचा, हा प्रश्न अटळ आहे. पुढे काहींना डिस्टोनियातील लवचीकतेचा तो निष्कर्ष पुन्हा मिळालाही नाही. त्यामुळे मोठे गट, आधी जाहीर केलेली विश्लेषणपद्धती आणि त्याच व्यक्तीची वेगवेगळ्या दिवशी पुनर्तपासणी, यांखेरीज नव्या दाव्यांवर विसंबू नये असे माझे ठाम मत आहे.

खोट्या आशेबद्दल इतकेच सांगतो की मी लेखात लिहिले ते अभ्यासाच्या साधनाविषयी. नैराश्यावरील उपचार म्हणून वारंवार दिल्या जाणाऱ्या स्पंदांना अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, हे खरे. परंतु तिचा आधार घेऊन डिस्टोनियावर हमखास इलाज विकणाऱ्यांपासून आपण सावध राहा असेच मी म्हणेन.

आपल्या नातेवाइकांनी निदानासाठी ही तपासणी करून घेऊ नये. वर सांगितलेले फरक गटागटांतील आहेत. एकेका व्यक्तीच्या बाबतीत निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की त्यावरून निदान ठरत नाही. मानेच्या डिस्टोनियाचे निदान हालचालींच्या विकारांचा अनुभव असलेल्या मेंदूविकारतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासूनच करायचे असते. त्यावर बोट्युलिनम विषाची इंजेक्शने हा प्रस्थापित उपचार उपलब्ध आहे. त्याविषयी त्यांनी तज्ज्ञांना अवश्य विचारावे.