काळा दगड आणि आपण: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

पुण्याच्या पेठांमधले वाडे पाडताना निघणारे घडीव चिरे, तळखडे (खांबांखालचे दगड), पायऱ्या यांची निदान नोंद तरी व्हावी, अशी मागणी मी गेल्या लेखात केली होती. त्यावर तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. भूगर्भशास्त्र, बांधकाम, देवधर्म आणि इतिहास यांची मी खिचडी केली. दगडाचं युग संपून काँक्रीटचं आलं, आणि किल्लारीच्या भूकंपानंतर दगडी भिंतींचं कौतुक करणं बेजबाबदारपणाचं आहे. ज्यांनी हा दगड फोडला, त्या माणसांचा लेखात पत्ता नाही. आणि शेवटचा: कोरीव दगडांची एवढीच काळजी असेल तर ते उचलून संग्रहालयात ठेवावेत आणि रस्ते मोकळे करावेत. तुम्ही हे सगळं तळमळीनं लिहिलंय, त्यामुळे मलाही दोन ओळींत उरकणं बरं वाटत नाही.

काँक्रीटचा मुद्दा आधी घेतो, तो लवकर संपतो. काँक्रीटच्या आकारमानात 60 ते 75 टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो. पुण्यात खडी म्हणजे फोडलेला बेसॉल्ट, आपला काळा दगड. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून वाळू म्हणजेही बहुतेक वेळा क्रशरमधून निघालेला त्याच बेसॉल्टचा चुरा. पुण्याजवळच्या वाघोली, मोशीच्या खाणी त्यासाठीच खोल होत गेल्या. पेशवाईतल्या पुण्यानं वापरला त्याच्या कितीतरी पट दगड आजचं पुणं वापरतं. तेव्हा तो जोत्यात, पायरीत, हौदाच्या कठड्यात दिसायचा. आज स्लॅब आणि कॉलमच्या पोटात असतो. दगडाचं युग संपलं असं समजून आपण खाणींकडे बघायचं सोडून दिलं, टेकड्या मात्र फुटतच आहेत.

किल्लारीबद्दल जरा थांबून बोलायला हवं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेत गेली, आणि त्यातली बहुतेक दगडी भिंतींखाली गाडली गेली. हे कोणीही नाकारू शकत नाही. पण त्या भिंती कशा होत्या? बाहेरून एक आणि आतून एक असे दोन पदर, मधे कपच्या आणि माती. दगड अनघड, गोलसर, सांधायला चिखल. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड जवळजवळ कुठेच नाही. वर माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छताची माती, गळती थांबवायला वर्षानुवर्षं थर चढवून जड होत गेलेली. जमीन हलली तशी भिंत मधेच फुगली, पदर सुटे झाले आणि सगळं खाली आलं. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता, त्यातल्या काहींत भिंती ढासळूनही छत उभं राहिलं.

अशा साध्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक त्याच वर्षी निघालं. त्यातले नियम कोणत्याही गवंड्याला पटतील असे आहेत: आरपार दगड आडव्या अंतरात जास्तीत जास्त 1.2 मीटरवर आणि उभ्या अंतरात 60 सेंटिमीटरवर हवा, भिंत 45 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. जाड भिंत म्हणजे भक्कम भिंत, हा समज जिवावर बेतणारा आहे. दगड दगडाला कसा धरून ठेवतो, याची जाण याच मुलखात फार जुनी. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो त्या देवळांत चुना न वापरता दगड एकमेकांत अडकवून बसवले आहेत, आणि ती सात-आठशे वर्षं उभी आहेत. देवळाला आणि वाड्याला घडीव दगड आणि जाणता कारागीर मिळाला. गरिबाच्या घराला शेतातले गोटे आणि चिखल मिळाला. किल्लारीतून मी हे शिकतो. दगडी बांधणीची ही जाण आपण टाकून दिली तर डोंगराळ गावांत आजही उभी असलेली दगडी घरं नीट कोण करणार? बेजबाबदारपणा मला तिथे दिसतो.

आता खिचडी. इथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थरावर थर पसरले. सगळे थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट आणि काळे, पण थंड होताना उभ्या भेगा पडलेले. या भेगांना सांधे म्हणतात. दुसऱ्या काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या, त्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशा खनिजांनी भरल्या. हा दगड दिसायला दुबळा, पण त्यात सांधे फार थोडे. चिरा घडवायचा तर पहिली जात हवी. लेणं कोरायचं तर दुसरी, कारण छताच्या मधोमध सांधा निघाला की वर्षांची मेहनत वाया. म्हणून सह्याद्रीतली पुष्कळ लेणी कमी सांध्यांच्या थरात आहेत. धरण बांधणाऱ्या अभियंत्याला हीच गोष्ट वेगळ्या वाटेनं कळते: घट्ट काळा कातळ पायाला उत्तम वाटतो, आणि नेमकं त्याच्या सांध्यांतून पाणी पाझरतं. बौद्ध भिक्षूंनी वर्षावासासाठी, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी, कुठे राहायचं, भाविकांनी कुठे जायचं, पाणी कुठे अडवायचं, हे सगळं एका खडकाच्या थिजण्यावर ठरलंय. या गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या खात्यांत टाकल्या तर लेणं त्या डोंगरात त्याच उंचीवर का आहे, हे कोणत्याच खात्याला सांगता येणार नाही.

आपल्या गावातलाच नमुना घ्या. सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ, 1754 मध्ये सुरू झालेलं, याच काळ्या दगडाचं. गाभाऱ्यात तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती. आत संस्कृत लेख आहेत आणि फारसीही. दर्शनी भिंतीवर युरोपीय वेशातला शिपाई गेंड्याला साखळदंडानं बांधतोय. काही अभ्यासक या गेंड्याचा संबंध प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती गेलेल्या पूर्वेकडच्या मुलखाशी जोडतात. खाली तळघरात गोसाव्यांची समाधी. इथे भक्ती कुठे संपते आणि राजकारणावरचं भाष्य कुठे सुरू होतं? एकाच भिंतीपुढे मूर्तिशास्त्र, लिपी, इतिहास आणि पाथरवटाची टाकी (छिन्नी) या चारही गोष्टी जाणणाऱ्यांना एकत्र उभं राहावं लागतं.

शास्त्राच्या बाजूनंही हेच. वाघोलीच्या खाणीत खडीसाठी सुरुंग लावताना कॅव्हन्साइट नावाच्या गडद निळ्या खनिजाचे असे स्फटिक निघाले की जगभरच्या खनिज-संग्रहांत ‘वाघोली’ हे नाव मानानं घेतलं जातं. खडी फोडण्याचं काम झालं नसतं तर ते हाती आले नसते. दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांत त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची कोंडली जाते. 1950 च्या दशकात संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टमधलं हे चुंबकत्व मोजलं आणि दिसलं की हा खडक तयार झाला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खंड सरकतात ही कल्पना तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हती. ती मान्य व्हायला ज्या पुराव्यांनी हातभार लावला, त्यांत आपल्या घाटातला हा काळा दगड आहे.

आणि दामोदर कोसंबी. गणिताचा हा माणूस पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि जुन्या वाटा पायी तुडवत गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारं वेचायचा. त्यांच्या ध्यानात आलं की जिथे शेंदूर लावलेल्या आयांचे, म्हाळसा-जोगेश्वरीसारख्या देवींचे ओबडधोबड तांदळे (देवी म्हणून पुजलेले अनघड दगड) आहेत, त्याच वाटांवर पुष्कळदा ही हत्यारंही सापडतात. त्यावरून त्यांनी गुराख्यांच्या फिरत्या वस्तीच्या आणि व्यापाराच्या वाटांचा माग काढला. शेंदूर हा धर्माचा विषय आणि हत्यारं ही पुरातत्त्वाची, अशी वाटणी त्यांनी केली असती तर हा माग लागलाच नसता.

श्रमाच्या मुद्द्यावर तुमचं आणि माझं दुमत नाही. पहार, घण आणि सुतकी घेऊन दगड फोडणारा वडार, त्याला टाकीनं रूप देणारा पाथरवट, तो बसवणारा बेलदार: यांच्या घामाशिवाय पुण्यात एक जोतं उभं राहिलं नाही. यांची नावं लिहून ठेवण्याची पद्धत फारशी नव्हती. म्हणूनच जिथे नाव उरलंय तिथे मला ते पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंती नगरीच्या भूतपाल शेटीचा लेख आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम, असं सांगणारा. तिथेच आणखी एक छोटा लेख आहे: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, यानं दार केलं. दगडी लेण्यात नाव सुताराचं! त्या सभागृहाच्या कमानदार छताला आजही सागवानी फासळ्या आहेत, भार पेलायला त्यांची काही गरज नसताना. लाकडात वाढलेले हात दगडात उतरले ते असे. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या ‘सेवेचे ठायी तत्पर’ हिरोजी इंदुलकराचं नाव आहे. पण हे मोजके. बाकीच्यांची ओळख टाकीच्या खुणांतच उरली आहे. खुणांचा कोन, खोली, त्यांच्यातलं अंतर यावरून घाईचं काम कुठलं, सफाईदार कुठलं, नंतरची दुरुस्ती कुठली, हे जाणकाराला सांगता येतं. वाड्याचे चिरे डंपरमध्ये भरून भरावाला गेले की त्या कारागिरांचा हा एकमेव दस्तऐवजही जातो. नोंदीचा आग्रह मी धरतो तो त्यांच्यासाठीसुद्धा. वाघोलीच्या खाणींवर आज राबणाऱ्या कुटुंबांबद्दल मी स्वतंत्र लिहिणार आहे. धूळ, सुरुंग, सतत बदलणारी वस्ती आणि मुलांची शाळा हे विषय एका परिच्छेदात बसणारे नाहीत.

राहिला संग्रहालयाचा उपाय. तुमच्या चारही मुद्द्यांत मला हाच सर्वांत घातक वाटतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो.

माणसानं घडवलेला दगड तो केव्हा घडवला हे स्वतः सांगत नाही, ते आजूबाजूचा थर सांगतो. जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे कुकडीच्या काठी अश्मयुगीन हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ती राख काहींच्या मते सुमारे 14 लाख वर्षं जुनी, तर काहींच्या मते सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. वर्षानुवर्षं चाललेला हा सगळा वाद त्या राखेवर आणि थरांवर उभा आहे. कोणी ती हत्यारं सुंदर म्हणून आधीच पिशवीत घालून नेली असती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

वीरगळाचंही, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचंही, तसंच. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, शेजारी गायी असतील तर गोधन वाचवताना आलेलं मरण. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताहेत. वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, बाजूंना चंद्र-सूर्य. ही मांडणी शेकडो दगडांवर थोड्याफार फरकानं तीच, आणि बहुतेकांवर अक्षर एकही नाही. मग हा वीर कोणत्या गावासाठी, कोणत्या वाटेवर, कोणत्या शिवेवर पडला हे कशावरून कळणार? दगड उभा आहे त्या जागेवरून. गधेगाळ तर जमिनीच्या दानाचा पहारेकरी. दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी गाढवाच्या चित्रानं सांगितलेली, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावी. अलिबागजवळच्या आक्षीचा शके 934 मधला लेख आपण मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत धरतो, तो असाच दगड. तो ज्या जमिनीचं रक्षण करतो तिथून हलवला की शाप उरतो, जमीन हरवते. नाणेघाटात सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती जवळजवळ नष्ट झाल्या. नावं खडकावर तशीच आहेत, म्हणून कोण कुठे उभं होतं हे अजून सांगता येतं.

हलवणं कधी अटळ असतं. रस्ता रुंद होतो, धरणाखाली गाव जातं, चोरीची भीती असते. तेव्हा संग्रहालय हवंच. पण आधी मोजमाप, छायाचित्रं, दिशा आणि नेमकी जागा लिहून घ्यावी, मगच दगडाला हात लावावा.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पुरंदर तालुक्यातल्या तुमच्या गावी देवळाच्या जीर्णोद्धारात एक वीरगळ कुंपणाच्या भिंतीत बसवला गेला आणि त्याला ऑइलपेंट दिला. तो रंग खरवडू नका, ॲसिड तर मुळीच लावू नका. अक्षरं असतील तर ती वाचायला पीठ किंवा खडूही भरू नका. अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूनं, भिंतीला लागून धरा, उठाव आपोआप दिसतो. पट्टी शेजारी ठेवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा. आणि जीर्णोद्धाराआधी तो दगड कुठे होता, तोंड कुणीकडे होतं, त्याला कोण नारळ फोडायचं, हे गावातल्या वयस्कर माणसांना या दिवाळीच्या सुट्टीतच विचारून घ्या. फोटो आणि त्यांनी सांगितलेलं मला पाठवलंत तर वीरगळांवर काम करणाऱ्या अभ्यासकांपर्यंत मी ते पोचवीन.