ती पहाटे दार उघडून बाहेर पडली

'ती पहाटे दार उघडून बाहेर पडली.' हे माझ्या कादंबरीचे पहिले वाक्य आहे. ते लिहून झाले त्या दिवशी मी इतकी खूश होते की उरलेली चारशे पाने म्हणजे आता केवळ हमाली, असे मी घरात जाहीर करून टाकले होते. त्याला आता चौदा महिने झाले आणि ती अजून उंबरठ्यावरच उभी आहे.

कादंबरी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांविषयी आहे. काळ इ.स. ११२ च्या आसपासचा आणि स्थळ बिथिनिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा उत्तरेकडील भाग. तेथे त्या वेळी प्लिनी हा रोमन प्रांताधिकारी होता आणि लहानसहान बाबतींतही सम्राट ट्राजानला पत्र लिहून सल्ला विचारण्याची त्याला खोड होती. अशाच एका पत्रात तो कळवतो की, हे ख्रिस्ती लोक नेमके करतात तरी काय, हे काढून घेण्यासाठी आपण दोन गुलाम स्त्रियांची छळ करून चौकशी केली; त्यांचे लोक त्यांना 'सेविका' म्हणत. बस्स, एवढेच. त्यांची नावे नाहीत, वये नाहीत, पुढे त्यांचे काय झाले याचा पत्ता नाही. ते अर्धे वाक्य मी वाचले आणि उरलेले अर्धे आपण लिहावे, असे माझ्या मनाने घेतले. चांगली धडधाकट माणसे ऐतिहासिक कादंबरीच्या नादी लागतात ती अशीच.

पहिला घोळ 'पहाटे' या शब्दाने घातला. ख्रिस्ती लोक एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमत आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गात, असे प्लिनीनेच लिहून ठेवले आहे, तेव्हा पहाट पक्की होती. त्या भरवशावर मी 'चार वाजले होते' असे लिहून बसले. मग वाचनात आले की रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा भाग करीत आणि त्यामुळे त्यांचा तास उन्हाळ्यात लांबे व हिवाळ्यात आखडे. चार वाजण्याची सोयच नव्हती. प्रकरणाच्या डोक्यावर 'इ.स. ११२' असे दिमाखात घातले होते, तेही गेले, कारण ही कालगणना डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने ५२५ मध्ये मांडली. माझ्या पात्रांना आपण कोणत्या शतकात राहतो याची गंधवार्ताही नव्हती. ती बापडी त्या त्या वर्षी रोममध्ये पदावर असलेल्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने वर्ष ओळखत होती. शेवटी मी नुसता कोंबडा आरववला. पण ख्रिस्ती कथेत कोंबड्याला साधे आरवताही येत नाही. तो आरवला की, कोंबडा आरवण्याआधी येशूचा शिष्य पेत्र याने 'मी त्याला ओळखत नाही' असा तीन वेळा केलेला नकार वाचकाला आठवतो आणि आता कोणीतरी दगा देणार म्हणून तो सावरून बसतो. कोंबडाही कापावा लागला, अर्थात कागदावर.

संशोधन म्हणजे कच्चा माल गोळा करणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ती जप्ती निघाली. रोज कोणीतरी येऊन घरातली एकेक वस्तू उचलून नेत असे. नायिकेच्या गळ्यातला क्रूस गेला, कारण ज्या काळी माणसांना खरोखर क्रुसावर चढवीत, त्या काळी कोणी तो दागिना म्हणून मिरवीत नव्हते. नाताळच्या थंडीचे तीन पानी वर्णन गेले, कारण २५ डिसेंबरचा हा सण चौथ्या शतकाच्या आधी कोठे दिसत नाही. देवळासारखी स्वतंत्र इमारतच नसल्यामुळे घंटाही वाजेना; लोक एकमेकांच्या घरी जमत. एका वृद्ध गुलामाच्या तोंडी मी मोठ्या हौसेने बायबलमधले 'योहान, अध्याय तिसरा, ओवी सोळावी' असे घातले होते. अध्याय पडले तेराव्या शतकात आणि बायबलच्या उत्तरार्धाच्या, म्हणजे नव्या कराराच्या, ओव्यांना आजचे क्रमांक मिळाले १५५१ मध्ये, पॅरिसच्या एका मुद्रकाच्या हातून. नव्या करारात आज जी सत्तावीस पुस्तके आहेत, नेमक्या त्याच सत्तावीस पुस्तकांची पहिली यादी अथानासियस या बिशपच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते. त्या म्हाताऱ्याला आता मी फक्त खोकू देते. खोकला कोणत्याही शतकात चालतो.

भाषेचे हाल निराळेच. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, विश्वासी लोकांच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात आणि मला दुसरा कोणताही शब्द पसंत नव्हता. माझ्या सासऱ्यांनी पहिले पान वाचायला घेतले. 'मंडळी अंधारात गुपचूप घराबाहेर पडत' या वाक्यापाशी ते थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि गंभीरपणे विचारते झाले, "कोणाची?" त्यांच्या पिढीत मंडळी म्हणजे बायको. सासूबाईंचा प्रश्न याहून अवघड होता. त्या म्हणाल्या, "हिला नाव का नाही ठेवलंस?" प्लिनीने ठेवले नाही, म्हणून माझाही हात अडतो, हे मला त्यांना काही केल्या पटवून देता आले नाही.

नवरा हिशेब तपासनीस आहे आणि कादंबऱ्या वाचत नाही. मात्र प्लिनी हा बिथिनियाला येण्याआधी रोमच्या सरकारी खजिन्याचा अधिकारी होता आणि प्रांतातील शहरांचे जमाखर्च तपासणे हे त्याच्या कामाचे मोठे अंग होते, हे एकदा जेवताना माझ्या तोंडून निसटले. त्याने घास तसाच हातात धरून विचारले, "काही सापडलं का त्याला?" मी त्याला बिथिनियातल्या निकोमेडिया शहराच्या नळयोजनेची गोष्ट सांगितली. त्या शहराने पाणी आणण्यासाठी ३३ लाखांहून अधिक सेस्टर्सियस नाणी एका कालव्यावर घातली आणि तो अर्धवट सोडला, इतकेच नव्हे तर पाडूनही टाकला. मग आणखी २ लाख दुसऱ्या कालव्यावर घातले आणि तोही सोडला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असे तेज मी आमच्या लग्नातही पाहिले नव्हते. तेव्हापासून कादंबरीचे चौकशीखाते त्याच्याकडे गेले. सेविकांच्या पत्रात गावाचे नाव नाही, पण माझ्या कथेचे गाव निकोमेडिया ठरले ते केवळ त्याच्या दडपणामुळे.

पण त्याच्या या नादातूनच माझ्या पदरात एक घबाड पडले, हे मान्य करायला हवे. निकोमेडियाला मोठी आग लागली, लोक हात बांधून बघत उभे राहिले, शहरात पंप नव्हता की साधी बादली नव्हती. तेव्हा दीडशे कारागिरांचे अग्निशामक पथक उभारू का, असे प्लिनीने विचारले. ट्राजानने नकार दिला. माणसे कोणत्याही नावाने आणि कोणत्याही कारणासाठी एकत्र आली, की थोड्याच दिवसांत त्यांचा राजकीय कंपू होतो, असे त्याचे म्हणणे. हे वाचून दाखवताना नवरा म्हणाला, "म्हणजे प्रश्न धर्माचा नाहीच, संघटनेचा आहे." मी ताडकन उठले आणि सेविकांचे पत्र पुन्हा उघडले. स्तोत्र गाऊन घरी गेलेले ते लोक नंतर पुन्हा जमून साधे, निरुपद्रवी अन्न एकत्र खात; प्लिनीने सम्राटाच्या आज्ञेवरून संघटनांना बंदी केली तेव्हा ते जेवणही त्यांनी बंद केले, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ज्या भीतीपोटी बादलीवाले नाकारले, तिनेच ती पंगतही मोडली. त्या रात्री मला झोप आली नाही. कादंबरीकाराला असे सुख वर्षातून एकदाच मिळते आणि ते कोणाला सांगायला जावे, तर लोक म्हणतात, "पण पुस्तक कधी येतंय?"

प्रकाशकांचा फोन महिन्यातून एकदा येतो. मुखपृष्ठावर त्यांना सिंह हवा आहे. ख्रिस्ती लोकांची कादंबरी आणि सिंह नाही, हे त्यांना ग्राहकाची फसवणूक केल्यासारखे वाटते. प्लिनीच्या पत्रात सिंह नाहीत, हे मी त्यांना नम्रपणे सांगितले. तो समोर आणलेल्यांना 'तू ख्रिस्ती आहेस का?' असे विचारी. होय म्हटले तर शिक्षेचा धाक घालून दुसऱ्यांदा आणि मग तिसऱ्यांदा विचारी. आणि तरीही उत्तर बदलले नाही, तर मृत्युदंडासाठी घेऊन जायला सांगे. रोमन नागरिक असेल त्याला रोमला पाठवी. प्रकाशक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग भुयार तरी?"

सिंहापेक्षा मला अवघड जातो तो प्लिनीच. अशा कादंबरीला एक दुष्ट लागतो, आणि हा गृहस्थ दुष्ट व्हायलाच तयार नाही. पत्नी काल्पुर्निया हिचे आजोबा वारले, तेव्हा तिला तातडीने जाता यावे म्हणून त्याने सरकारी प्रवासाचा परवाना न विचारता दिला आणि मग अपराध्यासारखे सम्राटाला कळवले. सम्राटानेही काही हरकत घेतली नाही. बायकोच्या दुःखाने नियम मोडणारा हा सभ्य माणूस दोन स्त्रियांना यातना देतो आणि त्यांच्यापाशी खुळचट, अतिरेकी श्रद्धेपलीकडे काही सापडले नाही, असे जमाखर्चाच्या सुरात लिहितो. त्याला मिशा पिळायला लावले असते तर माझे काम किती सोपे झाले असते.

आणि ती पकडली कशी गेली, हे मला सुचत नव्हते. प्लिनीकडे नावांची एक निनावी यादी आली होती खरी. ट्राजानने उत्तरात, या लोकांचा शोध घेत फिरू नये आणि निनावी तक्रारी तर मुळीच घेऊ नयेत, असे बजावले. पण ते नंतर. त्या यादीत नाव घालायला घरातल्या कोणाला तरी संशय यायला हवा होता, म्हणून मी पुन्हा दाराकडे वळले. रोमन दारे उंबऱ्यातल्या खळग्यात बसवलेल्या खुंटीवर फिरत आणि चांगलीच करकरत. रोमन नाटककार प्लॉटसच्या एका प्रहसनात मुलीला रात्री चोरून बाहेर काढताना एक म्हातारी आवाज होऊ नये म्हणून त्या खुंटीवर पाणी ओतते. बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती आणि तीही साक्षीपुराव्यासह! पण ती खरेच चालते का? माझ्या व्यवसायात हा प्रश्न पडणे म्हणजे रोगाची शेवटची अवस्था होय.

आमच्या घराचे दारही कुरकुरते. काल पहाटे मी तांब्या घेऊन उठले, अंधारातच चाचपडत बिजागऱ्यांवर पाणी सोडले आणि दार ओढले. मांजरीच्या पावलाइतकाही आवाज झाला नाही. मी बाहेर पडले. तिला स्तोत्र म्हणून परतायला जितका वेळ लागला असता, तितका वेळ मी काळोखात कुडकुडत उभी राहिले आणि मग दबकत परत येऊन दार ढकलले. पाणी एव्हाना वाळले होते. दाराने अशी लांबलचक किंकाळी फोडली की माझ्या हातून तांब्या पडला, आणि त्याच क्षणी मला समजले की ती जाताना नव्हे, येताना सापडली.

आतून झोपाळलेला आवाज आला, "कोण आहे?" मी उत्तर दिले नाही, पहिल्याच प्रश्नाला बोलून मोकळे झाल्यावर पुढचे कसे कळणार? दुसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा आवाजात धाक होता, आणि माझे गुडघे खरोखर थरथरत होते. ते नंतर लिहिताना विसरू नये म्हणून मी मनात टिपून घेतले. तिसऱ्यांदा विचारले गेले तेव्हा घरातला दिवा लागला.