ग्रीन कार्डसाठी ‘आधी भारतात जाऊन या’? थांबा!

‘व्हिसाची मुदत उलटली असेल आणि अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं असेल, तर भारतात जाऊनच ग्रीन कार्डचा अर्ज करा,’ असा मेसेज फिरतोय. सल्ला घातक आहे. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून देश सोडलात तर ३ वर्षं आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडलात तर १० वर्षं प्रवेशबंदी. मेख अशी, की ही बंदी बाहेर पडल्यावरच लागू होते!

नागरिकाचा जोडीदार रीतसर तपासणी होऊन आत आला असेल, तर मुदत उलटली असली तरी सहसा अमेरिकेतच राहून आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) भरता येतो. कामाच्या परवान्यासाठी आय-७६५ वेगळा. तो मिळेपर्यंत नोकरी नाही. मंजुरीही आपोआप नसते, लग्न खरं असल्याचे पुरावे लागतात. जोडीदार नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर ही सवलत साधारणपणे मिळत नाही. तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा, एजंटाला नव्हे.