युकुलेले, 432 आणि पोरीच्या ढिल्या केलेल्या तारा

‘मुलांच्या हातात युकुलेले देण्याआधी हे वाचा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मजकूर सध्या नातेवाइकांच्या, कास्तकारांच्या आणि भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतो आहे. माझ्याकडे तो धाकट्या भावाकडून आला. खाली त्याचा निरोप होता, “भाऊ, पोरीच्या तारा ढिल्या केल्या मी. 440 वर डोकं खराब होते म्हणते.”

पुतणी आठवीत आहे. युकुलेले म्हणजे गिटारसारखं छोटं चारतारी वाद्य. मोबाईलवर बघून ती त्यावर कॉर्ड (एकत्र छेडायचे स्वर) बसवते आणि गुरुवारच्या भजनात माझ्या पेटीसोबत वाजवते. तारा ढिल्या झाल्यावर ती पेटीशी जुळेना, आणि घरातल्यांनी ठरवून टाकलं की पोरीला सूरच नाही. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मजकुराचं म्हणणं असं: 440 हर्ट्झचा सूर (वाद्य जुळवायचा ‘ए’, म्हणजे पेटीची पांढरी सहा, सेकंदाला 440 कंपनांवर लावणं) हिटलरच्या प्रचारमंत्र्याने, गोबेल्सने, माणसं चिडचिडी व्हावीत म्हणून जगावर लादला, आपल्या ऋषींचा सूर 432 आहे, म्हणून वाद्य त्यावर लावा, युकुलेले हे विदेशी खेळणं आहे, कंपन्या त्याची वरची तार मुद्दाम पातळ लावून फसवतात, चार कॉर्ड आले की सगळी गाणी येतात, बाकी शास्त्र फुकट, आणि पाश्चात्त्य स्केल (स्वरांची शिडी) शिकलेल्या मुलाला राग कधीच कळत नाही.

सगळ्यात आधी गोबेल्स. योहान शाइबलर नावाचा जर्मनीतला रेशमाचा कारखानदार होता, सूर मोजण्याचा त्याला नाद. त्याने शेकडो बारीक मोजण्या करून 440 सुचवला आणि 1834 मध्ये स्टुटगार्टच्या शास्त्रज्ञांच्या सभेने त्याची शिफारस केली. हिटलर जन्मला 1889 मध्ये आणि गोबेल्स 1897 मध्ये. त्या काळी युरोपात एक सूर नव्हताच. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने 1880 मध्ये जुने ट्यूनिंग फोर्क (ठरलेला सूर देणारे धातूचे चिमटे) आणि चर्चमधले ऑर्गन मोजून मोठी यादी मांडली. तीत हँडल या संगीतकाराच्या फोर्कचा ‘ए’ 422.5 भरतो, आणि शहर बदललं की आकडा बदलतो. फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने 435 ठरवला.

आता जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. 1884 मध्ये इटलीत 432 सरकारमान्य झाला होता आणि व्हर्दीसारखा मोठा संगीतकार त्याच्या बाजूने होता. वाद्यवृंदांचा सूर चढत चालला होता आणि गायकांच्या गळ्यावर ताण येत होता, हा त्या काळचा वाद. त्यात ऋषी कुठेच नाहीत. आणि 1939 च्या मे महिन्यात लंडनला 440 ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिच्यात जर्मनीही होता. पण ब्रिटन, फ्रान्स, इटली, नेदरलँड्सही होते. पुढे 1955 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 440 ची शिफारस केली आणि 1975 मध्ये तो आयएसओ 16 म्हणून कायम केला. यात कट कुठे आहे?

‘ऋषींचा सूर 432’ या वाक्याचा मला जास्त राग येतो, कारण ते आपल्याच परंपरेच्या नावावर खपवलं जातं. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली कंपनं. सेकंद म्हणजे दिवसाचे 24 तास, तासाची 60 मिनिटं, मिनिटाचे 60 भाग. आपली जुनी कालगणना घटका, पळ आणि विपळाची आहे. दिवसाच्या 60 घटका, घटकेची 60 पळं, पळाची 60 विपळं. म्हणजे विपळ 0.4 सेकंदाचं. ऋषींनी कंपनं मोजलीच असती तर ती सेकंदात कशाला मोजली असती? विपळाच्या हिशोबाने 432 चे होतात 172.8, आणि 440 चे होतात बरोबर 176. पृथ्वीचं स्पंदन सेकंदाला 8 आहे आणि 432 ला 8 ने भाग जातो, असंही त्या मजकुरात लिहिलंय. 440 लाही 8 ने भाग जातो, 55 वेळा. शिवाय ते स्पंदन 8 नाही, सुमारे 7.83 आहे, आणि ते विजेच्या कडकडाटातून उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींचं आहे. तो आवाज नाहीच.

आता भजनाला बसणाऱ्या कोणालाही कळेल अशी गोष्ट. आपल्या गाण्यात सा ठरलेला नसतो. गडी माणूस पेटीच्या काळी एकमध्ये म्हणतो, एखाद्या बाईला काळी पाच लागते, म्हाताऱ्या बुवांना पांढरी एकच झेपते. ज्याचा गळा त्याचा सा. काळी एक ते काळी दोन हे अंतर 200 सेंट आहे (लगतच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट असतात), आणि 432 ते 440 हे अंतर जेमतेम 32 सेंट. एवढ्याशा फरकाने मेंदू बिघडत असता तर पट्टी बदलली की अख्खं मंडळ आजारी पडलं असतं. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आजही गावोगाव म्हटली जातात. तिथे कोणी हर्ट्झ मोजत नाही, गळा आणि पेटी जुळवतात.

खरं नुकसान इथेच होतं. बाजारातल्या बहुतेक पेट्या 440 च्या आसपास लावलेल्या असतात, आणि पेटीचा सूर खुंटी पिळून उतरत नाही, कारागिराला एकेक रीड (आतली पितळी जीभ) घासावी लागते. युकुलेले धरल्यावर सगळ्यात खाली येणारी तार ‘ए’, म्हणजे बरोबर 440. ती 432 वर आणून पेटीची पांढरी सहा दाबली की दोन आवाज सेकंदाला 8 वेळा एकमेकांत हेलकावतात. ऐकणाऱ्याला वाटतं पोर बेसूर आहे. पोर बेसूर नाही, बापाने फॉरवर्ड वाचून तारा ढिल्या केल्यात.

विदेशीचं म्हणाल तर पेटीही विदेशीच. 1842 मध्ये पॅरिसला देबँ नावाच्या कारागिराने तिचं पेटंट घेतलं, मग ती कलकत्त्याच्या कारागिरांनी बसून हाताने वाजवण्याजोगी केली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजतो, त्याला कोणी विदेशी म्हणून उठवत नाही. युकुलेलेही असंच फिरत आलं. 1879 मध्ये रेव्हन्सक्रॅग जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांसाठी हवाईला उतरले, त्यांच्यातल्या सुतारांनी आपल्या छोट्या चारतारी वाद्यावरून ते घडवलं आणि राजा कालाकाउआने त्याला दरबारात मान दिला.

वरच्या पातळ तारेत फसवणूक नाही. ती ‘जी’ची तार मुद्दाम वरच्या सप्तकात लावतात, युकुलेलेचा तो खळखळता आवाज त्यातूनच येतो. जाड तार लावून खालचा ‘जी’ घेणारेही आहेत. दोन्ही चालतं.

चार कॉर्डची गोष्ट अर्धी खरी आहे. पांढरी एक सा धरला तर सी म्हणजे सा ग प, एफ म्हणजे म ध सा, जी म्हणजे प नि रे आणि ए मायनर म्हणजे ध सा ग. चौघांत मिळून सातही शुद्ध स्वर आले, म्हणून साध्या चालीची पुष्कळ गाणी निघतात. पण भजनाचा शेवट भैरवीने होतो. तिला रे ग ध नि कोमल लागतात. तिथे हे चार कॉर्ड त्याच सावर ठेवून वाजवले तर अंगावर काटा येतो. मग काय करायचं, हे सांगतं तेच शास्त्र, ज्याला मजकूर फुकट म्हणतो.

आणि ते शास्त्र आपल्याला परकं नाही. सीची मेजर स्केल म्हणजे बिलावल थाट (थाट म्हणजे राग ज्यात बसतात तो स्वरांचा साचा). त्याच पांढऱ्या पट्ट्यांवर रे ला सा माना, काफी मिळतो. ग ला माना, भैरवी. म वरून कल्याण, प वरून खमाज, ध वरून आसावरी. संगीत अभ्यासक भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा एका स्केलमध्ये बसले. उरलेले भैरव, पूर्वी, मारवा, तोडी यात बसत नाहीत. पुतणीला भैरवीसाठी ग ला, म्हणजे पांढरी तीनला, सा मानून ई मायनरवरून सुरुवात करायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मोठेबाबा, हे तर तेच स्वर आहेत!” स्केल शिकलेल्या मुलीला हे एका बैठकीत कळलं.

स्केल म्हणजे राग नव्हे, हे मात्र खरंच. रागाचं चलन (स्वरांची चाल), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), श्रुती (बारीक स्वरभेद) पेटीवर आणि युकुलेलेवर नीट येत नाहीत. पेटीचा आणि युकुलेलेचा शुद्ध ग नैसर्गिक ग पेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो. अशाच तक्रारींवरून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला बंदी घातली होती. पण सगळं वाद्य 432 वर उतरवलं तरी तो ग 14 सेंट चढाच राहतो, कारण सगळे स्वर सारखेच खाली जातात. म्हणजे जी एक तक्रार खरी आहे, तिच्यावरही 432 हा उपाय नाही.

भावासाठी आणि ज्यांनी ज्यांनी तारा ढिल्या केल्यात त्यांच्यासाठी: ट्यूनर ॲपच्या सेटिंगमध्ये 432 केलं असेल तर ते परत 440 करा. मोबाईल नसेल तर सुरात असलेल्या पेटीचं मधलं सप्तक घ्या आणि युकुलेले धरल्यावर वरून खाली चार तारा अशा लावा: पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. नवी नायलॉनची तार सुरुवातीला सैल पडत राहते, तेव्हा पहिले काही दिवस बसण्याआधी दर वेळी पुन्हा लावावी लागेल.