बंदी ठीक, पण कुलपाचं काय?

शाळेतल्या गोळीबारावरच्या तुमच्या लेखातली 'बंदुकांच्या खरेदीवरचे निर्बंध कडक करा' ही मागणी रास्तच, पण बंदूक घरी आल्यावर ती ठेवायची कशी, यावर लेखात अवाक्षर नाही. अमेरिकेत मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेत २०२१ साली एका विद्यार्थ्याने गोळीबारात वापरलेलं पिस्तूल त्याच्या बापानेच विकत आणलेलं होतं. आई-वडील दोघांनाही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. असे बहुतेक हल्लेखोर शस्त्र स्वतःच्या किंवा नातलगांच्या घरातूनच उचलतात.

आपल्याकडेही गोव्यात सत्तरी-सांगे भागात रानडुकरांसाठी परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, एरवी दाराआड. ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीची टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी कॅप, काढली म्हणजे ती रिकामी झाली, हा समज तर घातकच. दारू आणि छर्रे नळीतच असतात, नवी टोपी बसवली की बार उडतो. बारा बोअरची दुनळी उघडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या कराव्यात, काडतुसं दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली देव्हाऱ्यामागे नको (पोरांना ती जागा पहिली माहीत असते). शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकीचा परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा केला. मग नूतनीकरणाआधी पोलिसांनी घरी येऊन निदान बंदुकीचं कपाट तरी बघावं!